पोहोचला तो जिंकला

उत्तर अमेरिका, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं, एवढ्या मोठ्या पट्ट्यातलं फुटबॉल कॉन्ककॅफ नावाची संघटना चालवते. तिच्या क्लब अजिंक्यपदाच्या यादीत कॅरिबियनची नावं सहा ठिकाणी सापडतात. १९६३ ला हैतीचा रेसिंग क्लब, १९७३ ला सुरिनामचा ट्रान्सव्हाल, १९७८ ला त्रिनिदादचा डिफेन्स फोर्स, १९८१ ला पुन्हा ट्रान्सव्हाल, १९८४ ला हैतीचाच व्हायोलेत आणि १९८५ ला पुन्हा डिफेन्स फोर्स. इवल्याशा बेटांच्या मानानं यादी भारदस्त आहे. जरा खोलात गेलं की मात्र कळतं, यांतल्या चार वर्षी अंतिम सामना झालाच नव्हता. १९६३ ला समोर मेक्सिकोचा ग्वादालाहारा होता. सामना काही केल्या घडून आला नाही आणि शेवटी रेसिंगला विजेता जाहीर केलं. १९७३ ला समोरचे संघ बाजूला झाले. १९७८ ला शेवटचा टप्पा जुळलाच नाही, म्हणून तीन देशांतल्या तीन क्लबांना मिळून विजेते ठरवलं. १९८४ ला पुन्हा तीच गत, आणि चषक व्हायोलेतच्या नावावर. अंतिम सामना मैदानावर खेळून जिंकलेली अजिंक्यपदं दोनच, १९८१ आणि १९८५. त्यानंतर आजतागायत एकही नाही.

कुणी याला फुकटचे चषक म्हणेल. मी म्हणणार नाही. या बेटांचं फुटबॉल थोडं जवळून पाहायला लागल्यापासून माझं असं मत झालंय की तिथे सामन्याचा निम्मा निकाल चेंडूला लाथ बसण्याआधीच लागलेला असतो. विमान मिळालं का, व्हिसा मिळाला का, भाड्याचे पैसे जमले का, यजमान बेटावर वादळ नाही ना. एवढं पार करून अकरा जण मैदानावर उभे राहिले की मग उरलेला निम्मा सामना फुटबॉलचा.

ही बेटं मला, माझ्या वयाच्या बहुतेकांना, क्रिकेटनं दाखवली. १९७१ च्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सुनील गावसकर पहिली कसोटी खेळला, अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं, त्या मालिकेत गावसकरनं ७७४ आणि दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या. हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ होते. त्यामुळे त्रिनिदाद, जमैका, बार्बाडोस, गयाना ही आमच्यासाठी कसोटीच्या मैदानांची नावं. सगळे मिळून वेस्ट इंडीज. एक टोपी, एक संघ, आणि एक धडकी भरवणारा गोलंदाजांचा ताफा.

फुटबॉलमध्ये हा एक संघ नाहीच. इथे प्रत्येक बेट आपापला झेंडा घेऊन उभं. कॉन्ककॅफचे ४१ सदस्य आहेत, त्यांतले ३१ एकट्या कॅरिबियनमधले. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या अँग्विलाचा वेगळा संघ. ज्वालामुखीनं राजधानीच गाडून टाकलेल्या माँटसेराटचा वेगळा संघ. सेंट मार्टिन नावाच्या एका चिमुकल्या बेटाचा अर्धा भाग फ्रेंचांचा, अर्धा डचांचा, तर तिथे दोन संघटना. शिवाय क्रिकेटच्या नकाशात ज्यांचं अस्तित्वच नव्हतं ते देश इथे अचानक दिसू लागतात: एक कोटीहून जास्त वस्तीचा हैती, बेसबॉलवेडा डॉमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको, मार्टिनिक, ग्वादलूप, क्युरासाव. वेस्ट इंडीजचा संघ म्हणजे इंग्रजांनी मागे ठेवलेली बेटं, एवढंच आमचं कॅरिबियन होतं. बाकीचं निम्मं पाण्याखालीच राहिलं होतं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेचं असतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम उतरली की मंगळवार पेठ रिकामी, शिवाजी तरुण मंडळ उतरलं की शिवाजी पेठ. क्लबाच्या नावात तालीम असते, कारण पोरं एकेकाळी लाल मातीतून उठून थेट मैदानात यायची. त्यामुळे राष्ट्रीय संघांपेक्षा मला क्लबांची ओढ जास्त. देश फार मोठा आणि फार कोरडा वाटतो. क्लब म्हटलं की गल्ली, चहाची टपरी आणि जुनं भांडण सगळं सोबत येतं. तेव्हा कॅरिबियनमध्ये बेटाबेटांच्या क्लबांचीही बाद फेरीची स्पर्धा असते हे कळल्यावर मी तिच्या मागे लागलो. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. मोबाइलवर अडखळत चालणारं प्रक्षेपण, इंग्रजी-फ्रेंच-स्पॅनिश मिसळून बोलणारा समालोचक आणि स्टँडमध्ये मोजकी डोकी. घरच्यांनी या नादाला नाव ठेवून झालं, मग त्यांनीही सोडून दिलं.

कॅरिबियन फुटबॉल युनियनची ही क्लब स्पर्धा १९९७ मध्ये सुरू झाली. जिंकणाऱ्याला, आणि पुढे काही वर्षं पहिल्या तिघांना, मेक्सिको-अमेरिकेच्या बड्या क्लबांशी खेळायची संधी. सुरुवातीची वर्षं जवळजवळ त्रिनिदादचीच. पहिला चषक युनायटेड पेट्रोट्रिनला, म्हणजे सरकारी तेल कंपनीच्या संघाला. मग जो पब्लिक, डिफेन्स फोर्स, डब्ल्यू कनेक्शन, सान हुआन जब्लोतेह. लष्कराचा संघ, तेलाचा संघ, व्यापाऱ्याचा संघ. त्रिनिदादकडे तेल होतं, वायू होता आणि १९९९ पासून व्यावसायिक लीग होती. बाकीच्या बेटांवर खेळाडू दिवसा हॉटेलात किंवा बंदरावर कामाला आणि संध्याकाळी सरावाला. हा फरक धावफलकावर दिसायचा.

डब्ल्यू कनेक्शनचे बरेच सामने कूव्हाच्या आटो बोल्डन स्टेडियमवर व्हायचे. कूव्हा म्हणजे उसाचा जुना मुलूख, गिरमिटिया म्हणून गेलेल्या भारतीयांच्या वंशजांची मोठी वस्ती. याच मैदानावर १० ऑक्टोबर २०१७ ला त्रिनिदादनं अमेरिकेला २-१ असं हरवलं आणि अमेरिकेचा २०१८ चा विश्वचषक हुकला. आदल्या दिवशी मैदानात इतकं पाणी साचलं होतं की अमेरिकेच्या खेळाडूंना पाठुंगळी घेऊन कोरड्या जागेवर न्यावं लागलं, असे फोटो फिरत होते. अमेरिकेच्या वर्तमानपत्रांनी त्या पाण्यावर बरंच लिहिलं. बेटांवरच्या क्लबांना त्याचं काही वाटलं नसणार. त्यांचा तर रोजचाच सराव.

त्रिनिदादची सद्दी २००४ मध्ये मोडली ती जमैकानं, आणि मोडली तीही कशी, तर अंतिम फेरीतले दोन्ही संघ किंग्स्टन परिसरातलेच. हार्बर व्ह्यू आणि टिव्होली गार्डन्स. हार्बर व्ह्यू ही शहराच्या पूर्वेला, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी असलेली वसाहत. त्यांचं स्वतःचं छोटं मैदान आहे, लोक त्याला नुसतं ‘कंपाउंड’ म्हणतात. टिव्होली गार्डन्सची गोष्ट याहून गडद. १९६० च्या दशकात एडवर्ड सिआगा मंत्री असताना जुनी झोपडपट्टी पाडून त्यांनी ही वसाहत उभी केली, ती त्यांच्याच मतदारसंघात होती, पुढे ते पंतप्रधान झाले आणि या क्लबाचे अध्यक्षही होते. वसाहत एका पक्षाची, इतकी की दुसऱ्या पक्षाचा माणूस तिथे पाय ठेवायला बिचकायचा. २०१० च्या मे महिन्यात क्रिस्तोफर कोक या टोळीप्रमुखाला पकडायला लष्कर याच गल्ल्यांत शिरलं आणि ७० च्या आसपास माणसं मारली गेली.

आमच्याकडेही पेठेच्या फुटबॉलला राजकारण चिकटलेलं आहे. नगरसेवकाची वर्गणी, आमदाराचा चषक, आफ्रिकेतून आणलेल्या खेळाडूचं मानधन कुणी दिलं याची कुजबुज. सामन्यानंतर दगड उडालेलेही पाहिलेत. पण टिव्होलीचा रंग वेगळा. तिथल्या पोराला क्लबाची जर्सी मिळाली की शहराच्या दुसऱ्या टोकाला, शत्रूच्या वस्तीत, खेळण्याच्या निमित्तानं का होईना जाता यायचं. मग क्लब जिंकत गेला तर समुद्रापलीकडेही. माझ्या मते या स्पर्धेची खरी कमाई ती होती, आणि ती कुठल्याही गुणतक्त्यात धरलेली नाही.

आता समुद्राचं. नकाशावर ही बेटं हाताच्या अंतरावर दिसतात. अँटिग्वाहून ग्वादलूप, तिथून डॉमिनिका, मग मार्टिनिक, मग सेंट लुशिया, ओळीनं ठेवल्यासारखी. पण एका बेटावरून शेजारच्या बेटावर जाणं हे तिथलं जुनं दुखणं आहे. वर्षानुवर्षं या फेऱ्यांचा मुख्य आधार लिआट नावाची छोटी विमान कंपनी होती, १९५६ मध्ये माँटसेराटला सुरू झालेली. उशीर आणि हरवलेलं सामान यांसाठी ती इतकी प्रसिद्ध की तिच्या नावाच्या अक्षरांवर बेटाबेटांवर विनोद होते. २०२० मध्ये करोनाच्या काळात ती कोसळली, आणि मग त्याच लोकांना तिची आठवण यायला लागली. बेटं वसवली गेली तेव्हा सगळे मार्ग लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅमकडे जाणारे होते. एकमेकांकडे जायची कुणाला गरज वाटली नव्हती. आजही काही बेटांवरून शेजारी जायचं तर आधी मायामीला जाऊन मग मागे यावं लागतं. संघ म्हणजे वीस-पंचवीस माणसं. एका सामन्यासाठी एवढी तिकिटं काढणं बहुतेक क्लबांच्या आवाक्याबाहेरचं.

माझ्या मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो फुटबॉलचा नव्हताच. “आणि हे भाडं कोण भरतं रे?”

मामांनी पाटाकडीलच्या संघासोबत एसटीनं गावोगाव फिरून स्पर्धा खेळलेल्या. परतीच्या भाड्यासाठी बक्षिसाची रक्कम जिंकावीच लागायची, असे ते दिवस. त्यांचा प्रश्न बरोबर जागेवर बसला होता. स्पर्धेचा सगळा आराखडाच या प्रश्नाभोवती बदलत गेलेला आहे. आधी घरी एक, त्यांच्याकडे एक असे दोन सामने. मग खर्च परवडेना, तेव्हा एका बेटानं यजमान व्हायचं, चार क्लबांनी तिथे जमायचं, पाच-सहा दिवसांत सगळे सामने उरकायचे आणि ज्यानं त्यानं आपल्या घरी. यजमानाला घरचं मैदान मिळतं, त्या बदल्यात तो बाकीच्यांची व्यवस्था बघतो. एक दिवसाआड सामना, तोही तिथल्या दमट उकाड्यात. शेवटच्या सामन्यापर्यंत निम्मा संघ लंगडत असतो. काही वर्षं तर अंतिम फेरी घेण्याच्या भानगडीतही कुणी पडलं नाही. गटांचे विजेते ठरले, त्यांना वरच्या स्पर्धेत पाठवलं, विषय संपला. विजेताच नसलेली विजेतेपदाची स्पर्धा मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. कोल्हापुरात असं केलं असतं तर स्टेडियमच्या खुर्च्या जागेवर राहिल्या नसत्या.

संघ आयत्या वेळी माघार घेतात हे तर नित्याचंच. कार्यक्रमपत्रिकेत नाव असतं, सामन्याच्या दिवशी ते खोडलेलं असतं. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता मी निकालांच्या यादीत आधी तीच नावं शोधतो आणि ते बेट नकाशावर कुठे आहे ते बघतो. बहुतेकदा उत्तर तिथेच मिळतं.

फ्रेंच बेटांचं त्रांगडं आणखी वेगळं. मार्टिनिक आणि ग्वादलूप कायद्यानं फ्रान्सच. तिथे युरो चालतो, मतदान पॅरिसच्या संसदेसाठी होतं, आणि तिथले क्लब फ्रान्सच्या राष्ट्रीय चषकातही खेळतात. ल फ्रान्स्वा गावचा क्लब फ्रान्सिस्कॅन एका हंगामात कॅरिबियनच्या क्लबांशीही झुंजतो आणि नशीब असेल तर अटलांटिक ओलांडून फ्रान्समधल्या एखाद्या गावच्या संघाशीही. फिफाच्या लेखी मात्र मार्टिनिक नावाचा देश नाही. पोरगं गुणी निघालं की ते फ्रान्सचं होतं. लिलियन थुराम ग्वादलूपला जन्मला आणि १९९८ चा विश्वचषक त्यानं फ्रान्ससाठी जिंकला.

एवढ्या सगळ्या अडचणींतून ही पोरं मोठ्यांसमोर गेली की कधी कधी जे करतात ते बघून अंगावर काटा येतो. २००८ मध्ये जो पब्लिकनं अमेरिकेच्या न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनला त्यांच्या घरी २-१ हरवलं आणि परत त्रिनिदादला आणून ४-० धुतलं. त्याच हंगामात पोर्तो रिको आयलँडर्स खंडाच्या उपांत्य फेरीत पोहोचले आणि मेक्सिकोच्या क्रूस आझुलविरुद्ध केवळ पेनल्टीवर हरले. या आयलँडर्सचं बायामोनमधलं मैदान मुळात बेसबॉलचं. २०१० च्या जुलैत त्यांनी लॉस एंजेलिस गॅलेक्सीला तिच्याच मैदानावर ४-१ हरवलं. पुढच्या दोन वर्षांत क्लबच बंद पडला. बेटांवर क्लब असे भरतीसारखे चढतात आणि ओसरतात. एक मालक, एक प्रायोजक, एक वादळ, एवढ्यावर सगळा डोलारा.

जो पब्लिकचे मालक जॅक वॉर्नर. हे नाव आलं की फुटबॉलपेक्षा दुसरंच काही बोलावं लागतं, पण ते टाळता येत नाही. युनियनचे पहिले अध्यक्ष सुरिनामचे आंद्रे काम्परवेन होते. (सुरिनाम बेट नाही, दक्षिण अमेरिकेच्या भूमीवरचा देश आहे, पण फुटबॉलमध्ये तो बेटांच्याच पंगतीला बसतो.) काम्परवेन स्वतः नावाजलेले खेळाडू, नेदरलँड्समध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळलेले, पुढे क्रीडा क्षेत्रातले पुढारी, आणि पारामारिबोत स्वतःचं रेडिओ केंद्र चालवणारे. ८ डिसेंबर १९८२ ला देसी बाउटर्सच्या लष्करी राजवटीनं १५ विरोधकांना किल्ल्यात नेऊन मारलं, त्यांत काम्परवेन होते. पारामारिबोच्या राष्ट्रीय मैदानाला आज त्यांचं नाव आहे. पुढच्या वर्षी युनियनची खुर्ची वॉर्नर यांच्याकडे आली आणि २०११ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

वॉर्नर यांना एक गोष्ट सगळ्यांच्या आधी कळली होती. फिफात अँग्विलाचं मत आणि जर्मनीचं मत सारखंच. मैदानावर कुणी न विचारणारी बेटं मतपेटीपाशी एकगठ्ठा आली की अध्यक्ष घडवू शकतात. १० मे २०११ ला पोर्ट ऑफ स्पेनच्या हयात हॉटेलात बेटांच्या प्रतिनिधींची बैठक भरली. फिफाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मोहम्मद बिन हम्माम तिथे आले होते. त्यानंतर एकेका प्रतिनिधीला खोलीत बोलावून प्रत्येकी ४०,००० डॉलरची रोकड असलेलं पाकीट देण्यात आलं, असं बहामाच्या प्रतिनिधीनं फोटो काढून वर कळवलं आणि पाकीट परत केलं. वॉर्नर यांनी आरोप नाकारले, पण महिन्याभरात सगळी पदं सोडली. २०१५ मध्ये फिफानं त्यांच्यावर आजन्म बंदी घातली. चाळीस हजार डॉलर. त्या रकमेत एखाद्या लहान बेटाचा क्लब आख्खी स्पर्धा खेळून आला असता, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि पैशांचीच गोष्ट निघाली तर ब्रुन्सवाइक. २१ सप्टेंबर २०२१. सुरिनामचा इंटर मोएन्गोटापू विरुद्ध होंडुरासचा ओलिंपिया, कॅरिबियनच्या वाट्याला आलेल्या जागेवरून खंडाच्या दुय्यम स्पर्धेत मिळालेला सामना. सुरिनामच्या संघाचा कर्णधार रॉनी ब्रुन्सवाइक, वय ६०, पाठीवर क्रमांक ६१. ते क्लबाचे मालक. कधीकाळी जंगलातल्या बंडखोरांचे म्होरके. आणि त्या दिवशी देशाचे विद्यमान उपराष्ट्रपती. सोबत त्यांचा मुलगाही संघात. जवळपास एक तास ते मैदानावर होते, म्हणजे उभे होते म्हणू. निकाल ०-६. नंतर ओलिंपियाच्या खेळाडूंच्या खोलीत ते नोटा वाटत असल्याचं चित्रण बाहेर आलं, दोन्ही क्लब स्पर्धेतून बाद झाले आणि उपराष्ट्रपतींवर तीन वर्षांची बंदी आली. मामा हे ऐकून इतके हसले की ठसका लागला. “आमच्या अध्यक्षांनी पण एकदा हट्ट धरला होता,” ते म्हणाले, “पण निदान पोटाचा घेर बघून त्यांचे त्यांनी मागे घेतलं.”

हैतीकडे येतो, कारण ही सगळी गुंतागुंत तिथे एकवटते.

कॅव्हाली हा लेओगान गावचा क्लब. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाचं केंद्र याच गावाजवळ होतं आणि गावातली बहुतेक घरं पडली होती. त्या गावच्या संघानं २०२१ ची कॅरिबियन क्लब स्पर्धा जिंकली. बक्षीस म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनशी गाठ. तेच न्यू इंग्लंड, ज्यांना जो पब्लिकनं लोळवलं होतं. पण खेळाडूंना अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही. मुदत संपली, कॅव्हालीला माघार घ्यावी लागली, न्यू इंग्लंड एकही चेंडू न खेळता पुढे. जाळीत चेंडू गेलेला नाही, कुणी हरलेलं नाही, आणि तरी स्पर्धा संपलेली. हैतीच्या दोन्ही जुन्या अजिंक्यपदांना अंतिम सामना नव्हता. तेव्हा कागदांनी दिलं होतं, या वेळी कागदांनीच नेलं.

पुढच्या वर्षी हैतीचाच व्हायोलेत, १९८४ चा तो चषकधारी. २०२२ ची कॅरिबियन स्पर्धा त्यांनी जिंकली होती. देशातली परिस्थिती तोवर इतकी बिघडली होती की लीग ठप्प, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये टोळ्यांचं राज्य, घरचा सामना घरी घेणं अशक्य. म्हणून ७ मार्च २०२३ चा ‘घरचा’ सामना शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतियागो शहरात झाला. समोर टेक्ससचा ऑस्टिन एफसी. मी तो सामना पाहिला आणि अजूनही नीट सांगता येत नाही काय झालं ते. महिनोन् महिने लीगचा सामना न खेळलेले गडी, आणि ३-० अशी जीत. ऑस्टिनचे खेळाडू एकमेकांकडे बघत होते. आठवड्यानं ऑस्टिनमध्ये परतीचा सामना. याही वेळी व्हिसाचा घोळ होताच, जेवढे पोहोचू शकले तेवढ्यांनी खेळून ०-२ वर रोखून धरलं. एकूण ३-२. शेवटची वीस मिनिटं मी बसलो नव्हतो. हिनं चहा समोर ठेवला आणि माझ्याकडे बघून काही न बोलता आत गेली. पुढच्या फेरीत मेक्सिकोच्या लिओननं त्यांची यात्रा थांबवली, ते अपेक्षितच होतं.

२०२३ पासून जुनी स्पर्धा गेली आणि तिच्या जागी नीटनेटका कॅरिबियन चषक आला. कमी क्लब, ठरलेल्या तारखा, बऱ्यापैकी प्रक्षेपण. पहिला चषक सुरिनामच्या रॉबिनहूडला, दुसरा जमैकाच्या कॅव्हलियरला. लहान बेटांसाठी खाली वेगळी ढाल स्पर्धा, तिच्यातून वर यायचा अरुंद दरवाजा. मला हे थोडं खटकतं. ज्यांच्याकडे व्यावसायिक लीग आहे ते वर, बाकीचे गाळणीतून, म्हणजे पुन्हा ज्याच्याकडे पैसा त्यालाच पैसा. पण कॅव्हलियरच्या नशिबी जे आलं ते पाहता तक्रारही फार करवत नाही: १३ मार्च २०२५ ला किंग्स्टनच्या राष्ट्रीय मैदानावर लिओनेल मेस्सी उतरला. इंटर मायामीविरुद्ध खंडाच्या स्पर्धेतला परतीचा सामना, आणि तो बदली खेळाडू म्हणून दुसऱ्या सत्रात आला. स्टेडियम तुडुंब. त्यानं शेवटी गोल केला तेव्हा जमैकाची माणसं आपला क्लब हरतोय हे विसरून नाचत होती. याला कुणी लाचारी म्हणेल तर म्हणो. मेस्सी कोल्हापुरात आला असता तर पाटाकडीलची माणसंही नाचली असती, फक्त दुसऱ्या दिवशी कबूल केलं नसतं.

१८ नोव्हेंबर २०२५ ला हैतीच्या राष्ट्रीय संघानं निकाराग्वाला २-० हरवून २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. याआधी ते १९७४ मध्ये गेले होते, जेव्हा इमॅन्युएल सॅनॉननं इटलीच्या डिनो झॉफला चकवून गोल केला होता. १८ नोव्हेंबर हा हैतीत मोठा दिवस: १८०३ मध्ये याच तारखेला वेर्तिएरच्या लढाईत गुलामगिरी झुगारलेल्या सैन्यानं नेपोलियनच्या फौजेला हरवलं होतं. हा विजयाचा सामना हैतीचा ‘घरचा’ होता, आणि तो खेळला गेला क्युरासावला. देशाचं राष्ट्रीय मैदान टोळ्यांच्या ताब्यात गेल्यामुळे आख्ख्या पात्रता फेरीत त्यांना मायभूमीवर एकही सामना खेळता आला नव्हता. त्याच रात्री क्युरासावही किंग्स्टनमध्ये जमैकाला बरोबरीत रोखून पात्र ठरला, दीड लाखांच्या वस्तीचं बेट, विश्वचषकात पोहोचलेला आजवरचा सर्वांत छोटा देश.

विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं ज्या देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली त्यांत हैती आहे. विश्वचषक, ऑलिंपिक आणि त्यांच्या तोडीच्या स्पर्धांना येणारे खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचा ताफा यांना सूट आहे, प्रेक्षकांना नाही. हैतीचा एखादा क्लब पुन्हा बेटांचा चषक जिंकून बॉस्टन किंवा ऑस्टिनला निघेल, तेव्हा त्याची स्पर्धा त्या तोडीची आहे की नाही हे वॉशिंग्टनच्या एखाद्या कार्यालयात ठरेल. सामन्याची वेळ त्यानंतर छापतील.